पडद्यावरची बोट

मळ्याच्या कडेला भेंडाचं जुनं झाड आहे, आणि त्याच्या बुंध्यावर कमरेइतक्या उंचीला एक वळ आहे. सिनेमाच्या तंबूचा मोठा दोर वर्षानुवर्षं त्या झाडाला बांधत असत, त्याचा तो वळ. दोर गेला, तंबू गेला, मळ्याचे तुकडे होऊन त्यांतल्या एकाला मुंबईच्या कुणीतरी चिऱ्यांचा गडगा घातला. झाड मात्र वाढत राहिलं, आणि वळ पोटात घेऊनच जाड झालं. काल संध्याकाळी मी त्याच्यावर हात ठेवला. साल खरखरीत होती आणि मुंग्या फिरत होत्या.

सोबत सई होती, माझ्या भावाची नात. ती पुण्यात सिनेमाचं काहीतरी शिकते. काय शिकते ते तिने मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा माझ्या डोक्यावरून गेलं. हातातला फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, "आजी, तुझे सगळ्यात आवडते पाच सिनेमे सांग. क्रमाने. म्हणजे ज्यांनी तू घडलीस असे."

ज्यांनी मी घडले म्हणे! आम्हाला घडवलं ते उकड्या तांदळाच्या पेजेने आणि बाबांच्या छडीने. मी तिला म्हटलं, आधी तो फोन खाली ठेव आणि या बांधावर बस. बसली बिचारी. मग मलाच पुढे बोलवेना, कारण वाऱ्यावर कुठूनतरी सुरंगीचा वास आला.

सुरंगी फुलली की तंबू येई. आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडचं, खाडीला टेकलेलं. भात कापून झालेलं असायचं, मसुऱ्याची भराडीदेवीची जत्रा आटोपलेली असायची, काजूच्या बोंडांना वास सुटायला लागायचा, आणि एखाद्या सकाळी घाटावरून आलेला ट्रक धूळ उडवत देवळापाशी थांबायचा. त्यात कनातीच्या गुंडाळ्या, लोखंडी खांब, इंजिन आणि ते यंत्र, ज्याला कुणी हात लावायचा नाही. तंबूवाले शेठ पानाने रंगलेल्या दातांनी सगळ्यांना नमस्कार करत उतरायचे. पण उतरल्या उतरल्या तंबू उभारायची सोय नव्हती. आधी देवाला विचारायला हवं. मग देवळात नारळ ठेवला जाई, गावकार तात्या गाऱ्हाणं घालायला उभे राहत. तात्या म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारे. मान पिढ्यान्‌पिढ्यांचा आणि आवाज खणखणीत. ह्या परक्या माणसाचं इंजिन बंद पडू देऊ नको, पडदा फाटू देऊ नको, गावच्या लेकीबाळींना सांभाळ, असं सगळं ते देवाच्या कानावर घालत. प्रत्येक वाक्याला मागून गाव म्हणे, "व्हय म्हाराजा." शेठ घाटावरचे, तरी तेही हात जोडून आमच्यासारखंच म्हणत. त्यांचा तो "व्हय म्हाराजा" ऐकून आम्ही पोरी तोंडात पदर कोंबून हसायचो.

दिवेलागणीला भोंग्यावर गाणी सुरू होत. आमच्या घरात तेवढ्यात तारांबळ उडे. आई कढी आधीच करून ठेवी, आते मला न्हाणीत ढकलून तोंड धुवायला लावी, आणि स्वतः चुलीच्या उजेडात केसांत सुरंगीचा वळेसर माळी. बसायला आपापली चटई न्यायची. नाहीतर कापलेल्या भाताची खुंटं टोचून टोचून जीव नको व्हायचा. मधोमध दोर, इकडे बायका, तिकडे पुरुष. कनातीचा ओला वास, रॉकेलचा धूर, पलीकडून विड्या, अलीकडून सुरंगी, आणि कुणाच्यातरी ओच्यातलं आल्याचा खमंग वास येणारं खाजं. आज मोठ्या शहरातल्या थंडगार थिएटरात बसते तेव्हा मला वाटतं, इथे कसलाच वास नाही, मग सिनेमा आत शिरायचा कुठून?

सईला मी आधी देवीचा सिनेमा सांगितला. त्यात देवी एका सुनेला छळणाऱ्या घराला धडा शिकवते, बाकी काही आठवत नाही. आठवतात त्या आमच्या बायका. देवी पडद्यावर प्रकट झाली आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्या उठून पडद्याजवळ गेल्या. कुणी तांदूळ, कुणी खण, कुणी नारळ पडद्याखाली ठेवला. देवीची ओटी भरली आमच्या बायकांनी, आणि तोवर शेठनी यंत्र थांबवून धरलं. देवी हात वर करून तशीच उभी राहिली, ओट्या भरून होईपर्यंत. शेठ शहाणा माणूस होता.

मग स्टेशनमास्तरच्या मुलीचा. आमच्या मुलखात तेव्हा आगगाडी नव्हती. माझ्या वयाच्या कित्येकींनी पहिली आगगाडी त्या तंबूत बघितली. ती मुलगी फलाटावर उभी राहून गाडीतल्या कुणाची तरी वाट बघते आणि गाते. गाडी येते, जाते, तिचं माणूस उतरत नाही. मी इतकी रडले की घरी गेल्यावर मला ताप भरला. पुढे शिक्षिकेच्या ट्रेनिंगला कोल्हापूरला गेले, तिथे खरी आगगाडी बघितली, आणि फलाटावर कुणीच गात नाही हे बघून माझा हिरमोडच झाला. सई हसली. हसू दे. हा सिनेमा मी तिला दुसऱ्या नंबरावर घालायला सांगणार होते, पण मग बोलण्याच्या ओघात राहून गेलं.

एक होता राजपुत्राचा. त्याच्यानंतर गावातल्या एकाही माडाचा पिडा, म्हणजे झावळीचा दांडा, जमिनीवर राहिला नाही, सगळ्यांच्या तलवारी झाल्या. आणि एक होता ज्याचा शेवटचा नाच तेवढा रंगीत होता. बाकीचा सिनेमा काळापांढरा, आणि शेवटी एकदम जांभळं, पिवळं, निळं असं काहीतरी भळ्ळकन अंगावर आलं. सगळा तंबू "आऽ" करून गप्प झाला. मला तो रंग आवडला नाही. आते तर चक्क डोळे मिटून बसली. म्हणाली, रंग काय, आपल्या दारातसुद्धा आहेत. तिला काळापांढराच आवडायचा.

या आतेबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खरं तर मी इतका वेळ तिच्याच भोवती फिरते आहे.

आते म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बाबा तिला बाय म्हणत. मसुऱ्याला दिलेली, पण राही आमच्याकडे. आतोबा बोटीवर होते. लग्नानंतर दोनदा रजेवर आले, तिसऱ्यांदा गेले ते गेलेच. काही दिवस पत्रं येत होती, मग पत्रं थांबली. बोट बुडाली म्हणावं तर तसं कुणी कळवलं नाही. उतरून दुसऱ्या देशात राहिले म्हणावं तर तसंही कुणी बघितलं नाही. सासरच्यांनी थोडे दिवस वाट बघितली आणि मग सून नजरेसमोर नको म्हणून माहेरी पाठवून दिली. आमच्या पडवीत खुंटीला काथ्याच्या दोराचं एक वेटोळं टांगलेलं असे. शेवटच्या रजेत आतोबांनी ते सहज बसल्या बसल्या गुंडाळून ठेवलं होतं. ते डावरे, त्यामुळे वेटोळंही उलट्या बाजूने गुंडाळलेलं. कुणाला दोर हवा झाला की बाबा विकत आणत, पण त्या वेटोळ्याला हात लावत नसत. आते रोज त्यावरची धूळ पुसायची. रोज सकाळी कुंकू लावायची, ठसठशीत. गावातल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवायच्या, पण बोलावताना जरा थबकायच्या. ते थबकणं तिला कळायचं. मलाही कळायचं.

सिनेमाला मात्र ती सगळ्यांच्या आधी. रडायला तिचं एक वेगळं फडकं होतं, ते ती घडी घालून कमरेला खोचायची. मी विचारलं की म्हणायची, लुगड्याचा पदर कशाला भिजवायचा, दुसऱ्यांसाठी रडायला फडकं पुरतं.

त्या वर्षी, मी सातवी होऊन घरी बसले होते त्या वर्षी, तंबू आला तसा मुख्य सिनेमाच्या आधी सरकारी बातम्यांचा तुकडा दाखवू लागले. तो तुकडा कुणी बघत नसे. पुरुष विडी ओढायला बाहेर जात, बायका पोरांना खाऊ वाटत. जाड आवाजाचा कुणीतरी हिंदीतून बोले, एखादं धरण दिसे, हार घातलेली माणसं दिसत, एखादी जत्रा, मग मुंबईचं बंदर आणि एक मोठी बोट. बोटीच्या कठड्याशी एक खलाशी दोर गुंडाळत होता. त्याने मान वर केली, आमच्याकडे बघितलं, आणि हसला. दात दिसतील असा मोठा नाही; एका बाजूने, ओठाच्या कोपऱ्यातून. मग हात वर केला. मग पडद्यावर दुसरंच काहीतरी आलं.

आते उभी राहिली होती.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. सिनेमाच्या तंबूत, पडद्यावरच्या माणसाचंसुद्धा. तिने दोन्ही हात वर केले आणि हाक मारली, "अवो! हय बघा मा. मी हय आसंय."

आधी मागून कुणीतरी हसलं. सिनेमात हाका मारणारे, शिव्या घालणारे पुष्कळ असत, त्यातलाच प्रकार असं वाटलं असेल. मग ज्यांना ती कोण ते ठाऊक होतं ते गप्प झाले, आणि त्यांच्यामुळे बाकीचेही. मुख्य सिनेमा सुरू झाला. मला त्यातलं अक्षर आठवत नाही. आतेचा हात शेवटपर्यंत माझ्या मनगटावर होता.

घरी आल्यावर तिने बाबांना एकच विचारलं, "दादा, तू बघलंस मा? ते तेच मा?" बाबा पुरुषांच्या बाजूला बसले होते, आणि ते विडी ओढत नसत, म्हणजे त्यांनीही बघितलं होतं. ते शाळेत मास्तर. खोटं बोलणाऱ्याला छडी देणारे. कंदील खाली ठेवत म्हणाले, "माका सांगूक येवचा नाय, बाय." आतेला ते पुरलं. नाही म्हणाले नाहीत ना, बास. आई मात्र चुलीशी बसून डोळे पुसत राहिली.

दुसऱ्या सांजेला आते सगळ्यांच्या आधी गेली आणि अगदी पुढे, पडद्याच्या पायथ्याशी बसली. मला शेजारी घेतलं. नवं लुगडं, ताजा वळेसर, कुंकू जरा मोठंच. बोट आली. ह्या खेपेला तिने हाक मारली नाही. गुडघ्यांवर उठली आणि मान पुढे करून बघत राहिली. तो हसला तेव्हाही हलली नाही. तुकडा संपला तशी उठून एकटीच बाहेर गेली. मी मागे गेले तर ती या भेंडाखाली उभी होती आणि बाबा तिच्यासमोर. ती हळू आवाजात काहीतरी बोलली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असं करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग आते परत येऊन माझ्या शेजारी बसली आणि फडकं काढून, सिनेमातल्या कुणाला काही व्हायच्या आधीच, रडायला लागली.

त्यानंतरचे ते दिवस! अजून सुरंगीचा वास आला की मी बोलता बोलता थांबते ती त्या दिवसांमुळे. गावात बातमी पसरली, पलीकडच्या वाड्यांत गेली. लोक बातम्यांचा तुकडा बघायला येऊ लागले. विडीवाले बाहेर जाईनासे झाले. धरण आणि हार चालू असताना कुजबुज चाले, आणि बंदर दिसलं की सगळा तंबू चिडीचूप. बायका आतेला पुढे जागा देत. तो मान वर करी, हसे, हात हलवी, आणि मागे कुणीतरी म्हातारी हमखास नाक ओढी. आते पदर सारखा करी, कपाळावरचं कुंकू एका बोटाने चाचपून बघी. बास, तेवढंच. तिला मी त्या दिवसांत गुणगुणताना ऐकलं, काजूची बोंडं धुताना, विहिरीवर, कुठेही. हळदीकुंकवाला बोलावताना आता कुणी थबकत नव्हतं.

तात्यांनी देवळात तिच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकीचो घोव पाण्यार गेलो हा. तेका जंय आसात थंय सांभाळ, आणि घराक घेवन ये रे म्हाराजा." आणि गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा." आते खांबाला टेकून उभी होती. बाबा शेवटच्या रांगेत होते.

बातम्यांचे तुकडे बदलत असत. जुना परत पाठवायचा, नवा यायचा. शेठनी तो परत पाठवला नाही. मागणी आली तरी पाठवला नाही. बाबांना म्हणाले, "गुरुजी, बाईंना सांगा, माझा तंबू आहे तोवर बोट लागेल." आणि लागली. तंबू उतरला त्या शेवटच्या सांजेपर्यंत लागली. सकाळी ट्रक भरला तेव्हा आते बांधाशी उभी राहून बघत होती. शेठनी लांबूनच हात जोडले. मळ्यात खांबांची भोकं, चिरमुऱ्यांचे दाणे आणि वाळलेले वळेसर पडले होते.

पुढच्या वर्षी तंबू आला, पण त्यात ती बोट नव्हती. ती पुन्हा आलीच नाही.

मग वर्षं गेली, कशी ते काय सांगू. मी कोल्हापूरला शिकायला गेले, पहिल्यांदा खुर्चीवर बसून सिनेमे बघितले, वेड्यासारखे बघितले. प्रत्येक सुट्टीत घरी आले की आते मला सिनेमा सांगायला लावी. आम्ही दोघी आमसुलं वाळत घालत बसलेल्या असायचो आणि मी तिला नायिकेचं लुगडं कसं होतं इथपासून सगळं सांगायची. ती मध्येच विचारी, "बातमेत बोट दाखवल्यानी काय गो?" मी नाही म्हणे. ती मान हलवून म्हणे, बरं, पुढे सांग.

माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली की त्याचा पुतळा करून जाळायचा, पळसाच्या पानांचा. मग तो मेला असं धरायचं, दिवस घालायचे, आणि बायकोने कुंकू पुसायचं. बारा वर्षं भरत आली तसे मसुऱ्याहून आतेचे थोरले दीर आले. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. घरातल्या मुलींची लग्नं अडली होती. ज्या घरात एक माणूस धड जिवंत नाही की धड मेलेला नाही, त्या घरात सोयरीक करायला लोक कचरत. ते म्हणाले, विधी करूया, तिने येऊन बसावं. बाबांनी सांगितलं, देवाला विचारतो. देवळात कौल लावला. मूर्तीच्या उजव्या डाव्या अंगाला पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर करा, डावी पडली तर नको. आम्ही उन्हं उतरेपर्यंत बसलो. एकही पाकळी पडली नाही. तात्या म्हणाले, देव काही बोलत नाही.

मग आते बोलली. पडवीत, दिरांच्या समोर, पदर डोक्यावरून घेऊन, पण आवाज स्वच्छ. "तुमका जाळूचो आसात तर जाळा. हसतल्या माणसाक जाळूक मी बसाचंय नाय. माझा कुकू माझ्या कपाळार रवतला."

दीर उठले. मसुऱ्याला त्यांनी तिच्याशिवाय विधी उरकला. तेव्हापासून तिकडे ती विधवा आणि आमच्या गावात सवाष्ण. मधे एक खाडी.

ती गेली तेव्हा मी नोकरीला लागले होते. कावीळ अंगावर काढली तिने. कुणाला कळलं तोवर डोळे हळदीसारखे झाले होते. शेवटच्या दिवशी दुपारी तिने मला उशाशी बसवून एक सिनेमा सांगायला लावला. मी स्टेशनमास्तरच्या मुलीचा सांगितला, आणि माझी अक्कल बघा, शेवट बदलला. गाडी थांबली, तिचं माणूस उतरलं, असं सांगितलं. आतेने तो सिनेमा माझ्याशेजारी बसून बघितलेला. ती हसली आणि म्हणाली, "असोच होतो तो." संध्याकाळ व्हायच्या आत गेली.

अंगणात माणसं जमली. मसुऱ्याहून दीर आले. आणि मग तो प्रश्न आला, जो येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि जो कुणालाच विचारायचा नव्हता. सवाष्णीला हिरवं लुगडं नेसवतात, हातभर चुडा भरतात, मळवट भरतात, आणि गावच्या बायका तिला शेवटचं हळदीकुंकू लावतात. बायका ताटं घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. कुणी आत पाऊल टाकेना. दीर म्हणाले, आम्ही रीतीने विधी केला आहे, माणूस जाळला आहे, आता तिला हिरवं नेसवलं तर शास्त्राला काय तोंड दाखवायचं. ते रागाने बोलत नव्हते, आणि तात्यांकडे बघत होते. तात्या आता खूप म्हातारे झाले होते. काठीवर हनुवटी टेकून खाली बघत होते.

बाबा आतून आले. त्यांच्या हातात हिरवं लुगडं होतं. सकाळीच आचऱ्याच्या बाजारातून आणून ठेवलेलं, आते अजून श्वास घेत असताना. ते म्हणाले, "तुमी मसुऱ्याक पानां जाळलात, माणूस नाय. माझ्या भयणीचो घोव मी बघितलंय. ह्या मळ्यात, ह्या सगळ्या गावाच्या समोर बघितलंय."

तात्यांनी काठीवर जोर देऊन मान वर केली आणि देवळात म्हणतात तशा आवाजात नव्हे, अगदी हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग त्यांच्या शेजारचा म्हणाला. मग गडग्यावर बसलेले. मग उंबऱ्यातल्या बायका, ज्यांनी देवळात कधी तोंड उघडलं नव्हतं. दिरांनी आजूबाजूला बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि बाजूला झाले. बायका आत गेल्या.

तिरडीला काथ्या कमी पडला. बाबांनी पडवीतलं ते वेटोळं खुंटीवरून काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते उलगडलं.

तिसऱ्या दिवशी अस्थी खाडीत सोडून मी आणि बाबा या मळ्याच्या वाटेने परत येत होतो. भेंडापाशी आल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाबा, तो खराच आतोबा होतो?"

बाबा थांबले. "नाय," म्हणाले. "भावोजी डावरे. तो उजव्या हातान दोर गुंडाळी होतो."

बाबांनी उभ्या आयुष्यात बोललेलं ते एकच खोटं मी दोन दिवसांपूर्वी कानांनी ऐकलं होतं. मला रडू आवरेना. मी म्हटलं, बरं झालं आतेला कधी कळलं नाही. बाबांनी झाडाच्या वळावर हात ठेवला.

"तिका दुसऱ्याच सांजेक कळला. हयसरच माका म्हणाली, दादा, ते नाय ते. मी हात बघितलंय. पण हसतत तसेच, रे. तू कोणाक सांगा नको. तंबू आसा तवसर माका बघूक दी."

सईला हे सगळं सांगून होईस्तोवर उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली होती. तिने फोन सुरू केलाच नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिने नाक पुसलं आणि, शेवटी शिकलेली पोर, विचारलंच, "नाव काय होतं आजी, त्या सिनेमाचं?"

"नाव नव्हतं. एक माणूस दोर गुंडाळतो, मान वर करतो, हसतो. संपला."

मी गुडघ्यावर हात ठेवून उठले, चटई झटकावी तसं लुगडं झटकलं, आणि म्हटलं, पहिला नंबर त्याला दे. बाकीचे चार तुला हवे ते घाल.